‘इतिहासप्रसिद्ध’ : पोवाडासंग्रहातील एका विशेषणाची मीमांसा

हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांचा ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला. ॲक्वर्थ हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर म्हणूनही त्यांनी काम केले. पुढे १८९४ मध्ये त्यांनी यांपैकी काही पोवाड्यांची इंग्रजी पद्यरूपांतरे लंडन येथे छापली. मराठी मौखिक काव्याच्या संकलनाचा प्रारंभ सामान्यतः या ग्रंथापासून मानतात आणि ते मानणे गैर नाही. या दोघांनी परिश्रम केले नसते तर कितीतरी रचना गोंधळ्यांच्या पिढीबरोबर लुप्त झाल्या असत्या. तथापि या ऋणाचा उच्चार वारंवार झाल्यामुळे ग्रंथाच्या नावातील पहिल्या विशेषणाकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. संग्रह पोवाड्यांचा आहे. परंतु कोणत्या पोवाड्यांचा? ज्यांचे नायक इतिहासात प्रसिद्ध आहेत अशांचा. म्हणजे निवडीचा निकष काव्याचा नाही, गाणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचाही नाही. तो नायकाच्या कीर्तीचा आहे. महाराष्ट्रातील स्वच्छंदतावादी राष्ट्रवादाने लोकसंस्कृतीशी जे नाते जोडले त्याचे स्वरूप या एका विशेषणात बरेचसे सामावले आहे.

युरोपात या नात्याची सुरुवात निराळ्या रीतीने झाली. हेर्डरने १७७३ मध्ये ओशनच्या गीतांवर निबंध लिहिला आणि १७७८-७९ मध्ये निरनिराळ्या जनसमूहांची गीते संग्रहित केली. त्याची धारणा अशी की, राष्ट्राचा आत्मा राजदरबारात अथवा विद्यापीठात नसून नांगर धरणाऱ्याच्या आणि सूत कातणारीच्या गाण्यात आहे, आणि ते गाणे कोणा एकाचे नसते म्हणूनच सर्वांचे असते. निनावीपणा हे तेथे प्रामाण्याचे लक्षण ठरले. या धारणेच्या पोटी पुष्कळ भ्रम वाढले हे आता सर्वमान्य आहे. ज्या ओशनवर हेर्डर लुब्ध झाला ती काव्ये मोठ्या अंशी मॅक्फर्सनची स्वतःची रचना होती. ग्रिमबंधूंना कथा सांगणाऱ्यांत शेतकऱ्यांपेक्षा सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांचा भरणा अधिक होता. लोनरूटने फिनलंडमधील सुटी गीते जोडून, काही ठिकाणी आपली भर घालून ‘कालेवाला’ सिद्ध केले. १८४९ च्या आवृत्तीतील त्याच्या बावीस हजारांहून अधिक ओळी कोणत्याही एका गायकाने सलग कधीच गायिल्या नव्हत्या. हे सर्व खरे असले तरी शोधाची दिशा मात्र स्पष्ट होती. तेथील संग्राहक नायकाच्या शोधात निघाला नव्हता. तो अज्ञात गात्याच्या शोधात निघाला होता.

हा मापदंड जसाच्या तसा पोवाड्याला लावू गेल्यास पहिल्याच पावलाला अडचण येते. पोवाडा निनावी नाही. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अग्निदास, तानाजीचा पोवाडा रचणारा तुळशीदास हे आपली नावे रचनेत गुंफतात. अग्निदासाकडून पोवाडा जिजाबाईंनी करवून घेतला अशी परंपरा आहे. ती अक्षरशः खरी माना अथवा न माना, पोवाड्यामागे आश्रयदाता असतो व शाहिराला बिदागी मिळते ही वस्तुस्थिती तिच्यातून व्यक्त होते. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांत राम जोशी, अनंतफंदी व प्रभाकर हे ब्राह्मण आहेत; खडकीच्या लढाईवर पोवाडा रचणारा सगनभाऊ मुसलमान आहे. हे सर्व जाणीवपूर्वक रचना करणारे, फडावर उभे राहणारे, प्रतिस्पर्ध्याला जिंकू पाहणारे कलावंत होते. त्यांची रचना पुढे ज्यांच्या तोंडी राहिली ते गोंधळी तर परंपरेने हा व्यवसायच करणारे. संबळ, तुणतुणे, डफ ही वाद्ये, बिदागीचा हिशेब आणि यजमानाच्या कुळाचा गौरव या सर्वांसकट पोवाडा जगत होता. अशा काव्याला ‘लोकांची वाणी’ म्हणावयाचे तर ‘लोक’ या शब्दाची काही निराळी व्याख्या करणे आवश्यक होते. ती कोणी केली नाही. तिच्याऐवजी पोवाड्यातील गाता आणि ऐकता या दोघांना बाजूस सारून केवळ नायक शिल्लक ठेवण्यात आला.

असे का घडले याचे एक कारण तत्कालीन इतिहासविषयक वादात सापडते. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मराठ्यांचा इतिहास परक्याने लिहावा आणि तो आपण प्रमाण मानावा ही गोष्ट नव्या शिक्षित पिढीला सलत होती. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’ने बखरी, पत्रे आणि जुनी कविता एकाच मासिकात छापावयास घेतली, काव्य आणि इतिहास हे शब्द त्या नावात जोडून आले हा योगायोग नव्हे. दुसरे कारण इंग्रजी शिक्षणातून आले असावे. नीबूरने असे प्रतिपादले होते की, लिव्हीच्या रोमन इतिहासातील आरंभीच्या कथा जुन्या, लुप्त झालेल्या वीरगीतांतून आल्या आहेत. आणि मेकॉलेने १८४२ मध्ये ती लुप्त गीते कशी असतील याची कल्पना करून स्वतःच ती लिहिली. रोममध्ये गीते गेली व इतिहास राहिला. महाराष्ट्रात गीते अद्याप कानांवर पडत होती आणि इतिहास लिहावयाचा होता. स्कॉट व मेकॉले यांच्या वीरगीतांवर वाढलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला आणि त्याच शाळेत शिकलेल्या मराठी पंडिताला पोवाडा हा इतिहासाचा कच्चा माल वाटला तर त्यात आश्चर्य नाही.

एकदा हा दृष्टिकोन स्थिर झाल्यावर पोवाड्याची परीक्षा साक्षीदाराच्या उलटतपासणीसारखी होऊ लागली. यशवंत नरसिंह केळकर यांच्या संपादित ग्रंथाचा पहिला खंड १९२८ मध्ये निघाला. त्याचेही नाव ‘ऐतिहासिक पोवाडे’ असेच आहे. केळकरांचे काम ॲक्वर्थ-शाळिग्रामांच्या पुष्कळ पुढे जाणारे आहे. संदर्भ शोधण्याची त्यांची चिकाटी आजच्या संशोधकानेही शिकावी अशी आहे. परंतु प्रश्नाची मांडणी तीच राहिली : पोवाड्यात सांगितलेली घटना खरी की खोटी, सन बरोबर की चूक, माणसे त्या काळी हयात होती की नव्हती. या प्रश्नांची उत्तरे मिळविणे आवश्यकच होते. ती मिळाल्यानंतर काव्य म्हणून जे उरते त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही.

तुळशीदासाच्या तानाजीवरील पोवाड्याचे उदाहरण घ्यावे. इतिहासाच्या कसोटीवर हा पोवाडा जागोजाग उणा पडतो. १६९७ च्या सुमाराची सभासदाची बखर तानाजी पाचशे माणसांनिशी गेला, निवडक मावळे रात्री वानरांप्रमाणे कडा चढले, असे थोडक्यात सांगते. तीत घोरपडीचा मागमूस नाही. सिंहगड हे नावही १६७० पूर्वीच्या कागदपत्रांत आढळते, तेव्हा तानाजीच्या मृत्यूवरून गडाचे नाव पडल्याची रूढ समजूत टिकत नाही. पोवाड्यातील जिजाबाई मुलाशी सारीपाट खेळते आणि डाव जिंकून कोंढाणा मागते. उदेभानाचे वर्णन राक्षसाला शोभेल असे आहे. यशवंती घोरपड कड्याला लावली जाते आणि मध्येच परत फिरते. संशोधकांनी यांतील एकेक गोष्ट अनैतिहासिक म्हणून बाद केली. ज्यांना पोवाडा सर्वस्वी खोटा ठरविणे जिवावर आले त्यांनी घोरपड म्हणजे दोर असावा, किंवा त्या नावाचा माणूस असावा, अशा तडजोडी सुचविल्या. बाद करणारे आणि तडजोड करणारे या दोघांचाही मापदंड एकच आहे हे सहज लक्षात येईल.

वस्तुतः घोरपडीचे मूळ जेथे शोधावयास हवे ती जागा कोल्हापूरच्या अभ्यासकाला दूर नाही. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा असे सांगते की, पंधराव्या शतकात बहामनी फौजांनी खेळणा, म्हणजेच आजचा विशाळगड, घेतला तेव्हा त्यांच्या पूर्वजांनी घोरपडीला दोर बांधून कडा सर केला आणि त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले. ही हकीकतही इतिहास म्हणून कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न आहे. महत्त्व याला आहे की, अवघड गड, रात्र, दोर आणि घोरपड हा एक फिरता कल्पनाबंध सह्याद्रीच्या या पट्ट्यात दोनशे वर्षांच्या अंतराने दोन गडांना चिकटला. दुर्गा भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ १९५६ मध्ये प्रसिद्ध केल्यानंतर असल्या कल्पनाबंधांकडे पाहण्याची दृष्टी मराठीत उपलब्ध झाली होती. पोवाड्याला ती लावण्याचे धाडस मात्र फारसे झाले नाही. जात्यावरची ओवी आणि आजीची कहाणी ही लोकसाहित्य. पोवाडा हा इतिहास. ही वाटणी १८९१ चीच.

सारीपाटाचा आणि लग्नाचा प्रसंग तर याहून अधिक बोलका आहे. पोवाड्यात तानाजी उमरठे येथे मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या तयारीत आहे. निरोप येतो आणि लग्न राहून जाते. शेलारमामासारखा वृद्ध नातलगही त्याच्याबरोबर निघतो. राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकाने यातून आधी कर्तव्य, मग घर, हा बोध काढला आणि शाळेच्या पुस्तकांतून तो शतकभर शिकविला गेला. बोध चुकीचा नाही. पण हे गाणे कोठे गायिले जात होते इकडे लक्ष दिल्यास त्याचा अर्थ पालटतो. गोंधळ हा प्रामुख्याने लग्नकार्य पार पडल्यावर कुलदेवतेच्या ऋणातून मुक्त होण्यासाठी घालतात. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी यांना गोंधळास येण्याचे आवाहन होते, आणि मग आख्यान लागते. नुकतेच लग्न झालेल्या घरी, हळदीच्या अंगाने नवरानवरी समोर बसलेली असताना, गोंधळी जर हे लग्न मोडून निघालेल्या बापाचे आख्यान लावीत असेल, तर त्या रात्री तेथे जमलेल्या बायामाणसांना गडापेक्षा रायबाच अधिक जवळचा वाटला असला पाहिजे. रायबाचे लग्न पुढे महाराजांनी स्वतः लाविले ही रूढ कथा याच अपेक्षेतून जन्मली असावी. ऐकणाऱ्याला गड मिळून भागत नव्हते. मंडप पुन्हा उभा राहावयास हवा होता. मोहिमेचा आरंभही दरबारातील मसलतीने होत नाही, तो आई व मुलगा यांच्या सारीपाटाने होतो. म्हणजे एका आईचा हट्ट आणि एका मुलाचे राहिलेले लग्न यांच्या चौकटीत हा पोवाडा गड घेण्याची हकीकत बसवितो. छापील संग्रहात ही चौकट ‘काव्यालंकार’ ठरली आणि आतली हकीकत ‘इतिहास’.

चौकट काढून टाकल्यावर जी पोकळी राहिली ती भरणे प्राप्त होते. हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या १९०३ च्या कादंबरीत ती कमलकुमारी या रजपूत युवतीने भरली. सती जाऊ पाहणारी नायिका, तिच्यावर आसक्त झालेला उदेभान आणि तिची सुटका, हा सारा सांगाडा अद्भुतरम्य कादंबरीचा आहे. गोंधळ्याच्या आख्यानाचा नव्हे. आपट्यांचे सामर्थ्य मोठे असल्यामुळे पुढील पिढ्यांच्या मनात पोवाडा आणि कादंबरी ही इतकी एकजीव झाली की, २०२० सालच्या हिंदी चित्रपटातही कमलकुमारी तानाजीच्या कथेचा भाग म्हणून अवतरते. लोकगीत नाकारून नव्हे, तर लोकगीताचे नाव घेऊनच राष्ट्रीय कल्पनेने आपले स्वतःचे गीत रचले, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

या प्रक्रियेत कोल्हापूरचा वाटा लहान नाही. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला तो आपट्यांच्या कादंबरीवरून. रात्रीची दृश्ये घेण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांतारामांनी प्रभात कंपनीतर्फे १९३३ मध्ये त्याच कादंबरीवर बोलपट केला. तत्पूर्वी १९३० मध्ये प्रभातने शिवचरित्रावर काढलेल्या मूकपटाचे ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सरकारी परीक्षणाने मान्य केले नाही, आणि तो ‘उदयकाल’ या नावाने दाखवावा लागला. ज्या कथेतील एका शब्दाचीही सरकारला धास्ती वाटत होती ती कथा पुनःपुन्हा सांगणे हे त्या परिस्थितीत धैर्याचेच कृत्य होते. तिच्या अनैतिहासिकतेची चिकित्सा करताना हे विसरता कामा नये. परंतु त्याच पेंटरांनी ‘सिंहगडा’नंतर दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, ‘सावकारी पाश’ काढला. नारायण हरि आपट्यांच्या कथेवरील या चित्रपटात कर्जापायी जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी आहे आणि त्या घरातील तरुणाचे काम शांतारामांनी केले आहे. नामसादृश्याने गोंधळ होऊ नये म्हणून सांगावयाचे ते इतकेच की, हे आपटे निराळे. एकाच शहरात, एकाच कंपनीने, जवळजवळ त्याच माणसांनिशी कुणब्याची दोन चित्रे काढली : एकात तो मावळा आहे, दुसऱ्यात ऋणको. पहिल्या चित्राच्या पाठीशी पोवाड्याची परंपरा उभी होती. दुसऱ्याच्या पाठीशी असे कोणते गीत होते? निदान संग्रहांच्या पानांत तरी असे गीत सापडत नाही, कारण ऋणको इतिहासप्रसिद्ध नसतो.

या उणिवेची जाणीव ॲक्वर्थच्या आधी बावीस वर्षे एका माणसाला झाली होती. जोतीराव फुल्यांचा शिवाजी महाराजांवरील पवाडा १८६९ चा. तो कुणबी, माळी, महार, मांग यांच्यासाठी असून त्यांना समजेल अशी भाषा योजिली आहे, असे फुल्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट केले आहे. फुल्यांनी पोवाडा जमविला नाही, रचला. आणि रचताना ऐकणारा कोण हे प्रथम ठरविले. त्यांच्या पवाड्यातील जिजाबाई मुलाला सारीपाटाच्या डावात गुंतवीत नाही. ती त्याला पूर्वजांच्या भूमीचा, आर्यांनी ती जिंकल्याचा वृत्तांत सांगते. ही मांडणी आजच्या इतिहासशास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरणार नाही. परंतु या रचनेला वाङ्मयेतिहासांत दीर्घकाळ मिळालेल्या उपेक्षेचे कारण तिचे ऐतिहासिक दोष हे असू शकत नाही; तसे असते तर तुळशीदासही वगळावा लागला असता. फुल्यांचा पवाडा अस्वस्थ करतो तो अन्य कारणाने. ‘राष्ट्र’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्यात कोणाकोणाचा समावेश आहे हे तो विचारतो.

१८९५ मध्ये ‘केसरी’ने रायगडावरील समाधीच्या जीर्णोद्धाराचा प्रश्न हाती घेतला, १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला, आणि त्यानंतर पोवाडा हे राजकीय जागृतीचे साधन बनले. सावरकरांनी सिंहगडावर रचलेला पोवाडा सरकारजमा झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयामागे संतांनी केलेली जागृती पाहिली. राजवाड्यांना वारकरी संतांत निवृत्ती व दौर्बल्य दिसले. या वादाचा विस्तार येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाचे एवढेच की, लोक म्हणजे संतांच्या मागे चालणारे, किंवा शिवाजीच्या मागे चालणारे. चालणाऱ्यांचे स्वतःचे म्हणणे काय, हा प्रश्न उभय पक्षांनी उपस्थित केला नाही. कोल्हापुरात मात्र चित्र काहीसे भिन्न होते. १९११ मध्ये येथे सत्यशोधक समाजाची स्थापना झाली आणि छत्रपती शाहू महाराजांचा तिला आश्रय लाभला. फुल्यांची शिवाजीविषयक भूमिका येथे रुजली. पुण्यातील शिवस्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये युवराज प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते बसविण्यात आली, तीही शाहू महाराजांच्या प्रयत्नाने. एकाच नायकाचा उत्सव इंग्रजी राज्याविरुद्ध होतो आणि त्याचेच स्मारक इंग्रज युवराजाच्या हातून उभे राहते, हा विरोध नायकाकडे पाहून सुटत नाही. गाणारे आणि ऐकणारे कोण होते हे पाहिले तरच सुटतो. पुढे शाहीर पिराजीराव सरनाईकांसारख्यांनी कोल्हापुरात हा वारसा चालविला तेव्हा त्यांच्या फडापुढे बसणारा श्रोता उत्सवाचा आणि सत्यशोधक जलशाचा, असा दोन्ही परंपरांचा होता.

पोवाड्याच्या या सर्व गदारोळात जी गीते हेर्डरच्या व्याख्येत खरोखर बसली असती ती पहाटेच्या अंधारात जात्याबरोबर फिरत होती. ओवीला कर्ता नाही, आश्रयदाता नाही, बिदागी नाही. तिच्याकडे राष्ट्रीय वृत्तीच्या संग्राहकाचे लक्ष गेले ते ॲक्वर्थनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. काका कालेलकर व वामन चोरघडे यांचे ‘साहित्याचे मूलधन’ १९३८ चे. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ १९४० चे. त्यानंतर सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली शासनाच्या लोकसाहित्य समितीने विपुल साहित्य छापले. साने गुरुजींचा संग्रह वाचताना एक गोष्ट जाणवते. ओव्यांची मांडणी नात्यांच्या क्रमाने आहे, आणि संपादकाचे मन त्यांत सहनशीलता, भक्ती, बंधुप्रेम हे गुण शोधीत आहे. गुरुजींची आर्तता निःसंशय खरी आहे; पण ओवी येथेही साक्षीला उभी आहे. पोवाड्याने पराक्रमाची साक्ष दिली, ओवीने शीलाची द्यावयाची. सासुरवासाने पिचलेली बाई जात्यापाशी जे तिखट बोलते, जी कुरकुर करते, ती या मांडणीत दबकून राहते.

हे सर्व पाहिल्यावर असा समज होण्याचा संभव आहे की, लोकगीत आणि राष्ट्रकल्पना यांचे नाते नेहमी एकतर्फीच असते. एकाने घ्यावयाचे, दुसऱ्याने द्यावयाचे. अण्णाभाऊ साठ्यांच्या रचना या समजाला छेद देतात. वाटेगावचे अण्णाभाऊ मुंबईत गिरणी कामगार झाले, १९४४ मध्ये अमर शेख व गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. त्यांच्या आरंभीच्या पोवाड्यांपैकी एकाचा विषय स्टालिनग्राडची लढाई हा आहे. इतिहासप्रसिद्धतेचा निकष त्यांनी पाळला तोही असा की, परंपरेच्या पाईकांनी चकित व्हावे. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड येथे अधिक महत्त्वाची आहे. पोटासाठी मुंबईत आलेल्या पुरुषाचा गावी राहिलेल्या पत्नीसाठी चाललेला विरह, हा तिचा विषय. आणि शेवटाकडे येताना तीच ताटातूट राज्याबाहेर राहिलेल्या बेळगाव-निपाणीकडील मराठी मुलखाची होते. राष्ट्रकल्पनेने येथे लोकगीताकडून नायक उसना घेतलेला नाही. विरहिणीच्या लावणीची घडणच राजकीय विचाराला आकार देते. मुलूख म्हणजे मातृभूमी नव्हे, देवी नव्हे. तो गावी राहिलेली बायको आहे. आणि तिच्यापासून माणूस दूर का, तर गावात पोट भरत नाही म्हणून. ‘सावकारी पाशा’तील शेतकऱ्याला जे गीत मिळाले नव्हते ते जवळजवळ तीस वर्षांनी असे मिळाले.

निपाणी कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तेथून पुढे गेले की दुसऱ्या भाषेची गीते सुरू होतात. शाळिग्राम-ॲक्वर्थांच्या आधी काही वर्षे, १८८५ पासून, याच इलाख्यातील जॉन फेथफुल फ्लीट या अधिकाऱ्याने ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये कानडी वीरगीते छापली. त्यांत इंग्रजांविरुद्ध उठून १८३१ मध्ये नंदगड येथे फाशी गेलेल्या संगोळी रायण्णाचे गीत आहे, हलगलीच्या बेडरांच्या उठावाचे आहे, आणि प्राप्तीवरील कराच्या जाचाचेही आहे. करावरील गीताचा नायक कोण? कोणीच नाही, कर भरणारे सर्वच. फ्लीटच्या निवडीतही त्याची स्वतःची सोय व आवड असणारच. परंतु तिच्यात ‘इतिहासप्रसिद्ध’ हे विशेषण नव्हते, म्हणून असे गीत आत येऊ शकले. कोल्हापूर संस्थानात १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव झाला, सामानगड व भुदरगड येथे लढाया झाल्या. १८५७ मध्ये येथील पलटण उठली व छत्रपतींचे बंधू चिमासाहेब कराचीस नेले गेले. या घटनांवर कोणी गायिले की नाही, हे छापील मराठी संग्रहांवरून ठरविणे धोक्याचे आहे. संग्रहात नसणे म्हणजे मुखात नसणे नव्हे.

पोवाड्यांच्या पुनःसंपादनाचा विचार जेव्हा होईल तेव्हा कोणत्या गोष्टी टिपावयाच्या याचा एक नमुना आता समोर आहे. गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या नोंदींत ओवीबरोबर गाणारीचे नाव आहे, गाव आहे; पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही आहे. जी गीते निनावी म्हणून मौल्यवान ठरावयाची त्यांना अशा रीतीने नावे मिळाली, आणि त्याने त्यांचे मोल उणावले नाही. त्यांत बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत; त्या गाणाऱ्या बायांना आपला नायक कोणी इतिहासकाराने प्रसिद्ध करण्याची वाट पाहावी लागली नाही. पोवाड्याच्या बाबतीत हे काम उलट्या टोकाने करावे लागेल. रचणाऱ्याचे नाव रचनेतच आहे. गोंधळ्याचे नाव, त्याचे गाव, कोणत्या घरी, कोणत्या कार्याच्या रात्री, कोणासमोर तो गात होता, हे छापील पानावर नाही. जिल्ह्यातील ज्या गोंधळी घरांत अद्याप लग्नानंतरचे गोंधळ चालतात, तेथे तानाजीचे आख्यान लागते का, लागत असल्यास रायबाच्या लग्नापाशी ते किती वेळ थांबते, आणि घोरपड परत फिरते तेव्हा ऐकणारे काय म्हणतात, एवढी चौकशी तरी तुळशीदासाचा पाठ निश्चित करण्यापूर्वी झाली पाहिजे.